शेवंतीला काय हवंय?

आमची कोंबडी आजारी आहे, हे मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला नको होतं. माझा हेतू साधा होता. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या आसपास पक्ष्यांचा डॉक्टर कुणाला माहीत आहे का, एवढंच विचारलं होतं. पण आजारपणाची बातमी आपल्या लोकांत कुणी माहिती म्हणून वाचत नाही, आमंत्रण म्हणून वाचतात. डॉक्टरचा एकही नंबर मला मिळाला नाही. जोडलेल्या हातांची चित्रं मिळाली, एक गणपती मिळाला, ओव्याची धुरी द्या असा सल्ला मिळाला, आणि 'एखाद्या शनिवारी बघायला येतो' असा संजीवचा निरोप मिळाला.

संजीव म्हणजे डॉक्टर संजीव, हृदयरोगतज्ज्ञ. रिटायर होऊन त्याला बरीच वर्षं झाली, पण हात अजून स्टेथोस्कोपकडेच जातो. मंडळाच्या पिकनिकला तो येतो आणि स्टेथोस्कोपही बरोबर येतो.

कोंबडी आमच्याकडे कशी आली हे सांगायला हवं, कारण ती आम्ही आणली नाही. महामारीच्या वर्षात आमची मुलगी अनया घरून काम करायला म्हणून आमच्याकडे राहायला आली, आणि एक दिवस फार्म स्टोअरमधून पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन आली. मग तिच्या कंपनीनं तिला सनीव्हेलला परत बोलावलं. जाताना तिनं लॅपटॉप नेला, योगा मॅट नेली, पिल्लं आठवणीनं ठेवून गेली. पुढे एकीला ससाण्यानं नेलं, दुसरी एका सकाळी खुराड्यातून उठलीच नाही. उरली ती ही. अनयानं तिचं नाव नगेट ठेवलं होतं. ते नाव चिकनच्याच एका पदार्थाचं आहे हे कळल्यावर माझ्या बायकोनं, सुचित्रानं, त्याच दिवशी तिचं बारसं नव्यानं केलं. रंगानं पिवळसर सोनेरी, म्हणून शेवंती.

शेवंतीचा आणि माझा संबंध एवढाच, की ती मला टोचायची. सुचित्राच्या मागे मागे ती बागभर हिंडे, आणि मी खुर्ची टाकून बसलो की नेमकी येऊन माझ्या पोटरीला चोच मारून जाई. मी आयुष्यभर सरकारी खात्यात पुलांची तपासणी केली आहे. माझ्या सहीशिवाय पूल उघडत नसत. एवढ्या अधिकारपदावरून उतरलेल्या माणसाला स्वतःच्या बागेत पाय वर घेऊन बसावं लागावं, यावर मी जास्त काही बोलत नाही.

सुचित्राची गोष्ट मात्र वेगळी. हॉस्पिटलच्या लॅबमधून ती रिटायर झाली आणि गप्प झाली. भांडण नाही, आजार नाही, नुसती गप्प. 'चहा झालाय' आणि 'कचरा बाहेर ठेवा' यांच्यापलीकडे आमचं संभाषण जात नसे. ती बोलायला लागली ती शेवंतीशी. सकाळी माती उकरता उकरता जी सुरुवात होई ती जेवणाच्या वेळेपर्यंत. काय बोलते याचं मला फार कुतूहल होतं. मी एकदा पाणी घालायच्या निमित्तानं पाइप धरून जवळ उभा राहिलो. ती बोलायची थांबली, शेवंतीही थांबली, आणि दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी न घालताच परत आलो.

तर अशी ही शेवंती या शरद ऋतूत खाईनाशी झाली. अंग फुगवून एका जागी बसून राहायची. सुचित्रा म्हणाली, खुडूक झाली असेल. पण अंडी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी जवळ गेलं की फुत्कारते. ही डोळे मिटून घेत होती. मग पोट फुगलं. मी इंटरनेटवर वाचायला बसलो आणि जे वाचलं त्यातलं निम्मं मला स्वतःलाही होतंय असं वाटायला लागलं.

डॉक्टर शोधणं हे एक प्रकरण झालं. पहिल्या दवाखान्यानं सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं बघतो. दुसऱ्यानं सांगितलं, कोंबडी हे पशुधन आहे, तुम्ही शेतीवाल्यांकडे जा. तिसऱ्यानं फोन एक्झॉटिक विभागाकडे जोडून दिला. तिथे इग्वाना, पोपट आणि आमची शेवंती एका रांगेत. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ही अंड्यांसाठी आहे, मांसासाठी आहे की कशासाठी? मी नियमानं चालणारा माणूस, म्हणालो अंड्यांसाठी. त्यावर बाई म्हणाल्या की मग ती अन्न देणारा प्राणी झाली, आणि तसल्या प्राण्याला निम्मी औषधं देता येत नाहीत. मी म्हटलं, तिनं वर्षभरात अंडं दिलेलं नाही. बाई म्हणाल्या, मग आहे कशासाठी? सुचित्रानं माझ्या हातातून फोन घेतला आणि एकच शब्द म्हणाली, "कंपॅनियन." अपॉइंटमेंट मिळाली.

बर्ड फ्लूची साथ असल्यामुळे आम्हाला आत घेतलं नाही. पार्किंगमध्ये गाडीतच बसायचं आणि डॉक्टर बाहेर येणार. मास्क आणि निळा गाउन घातलेली एक तरुण डॉक्टरीण आली, तिनं गाडीच्या मागच्या सीटवर शेवंतीला तपासलं, आणि अंडाशयात गाठ आहे असं सांगितलं. पोटातलं पाणी काढून दिलं. पाणी पुन्हा भरणार, आणि पुढच्या वेळी श्वासाला जड जाणार. तेव्हा तिला झोपवून टाकण्याचा विचार करा, म्हणाली. हे ती इतक्या हळुवारपणे म्हणाली की मला आधी वाटलं, आम्हालाच घरी जाऊन झोपायला सांगते आहे.

मी तिला विचारलं, "तिला कळत असेल का?"

ती म्हणाली की ते कुणालाच नक्की माहीत नाही. कोंबड्या आजार लपवतात. कळपात अशक्त दिसलेलं त्यांना परवडत नाही, म्हणून अगदीच झेपेनासं होईपर्यंत दाखवत नाहीत. हे ऐकल्यापासून मी शेवंतीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. एवढ्याशा डोक्यात एवढा मोठा धोरणीपणा मावतो, हे मला ठाऊक नव्हतं.

पाणी पुन्हा भरलं. मी त्या शेवटच्या इंजेक्शनसाठी शनिवारी चारची वेळ घेतली. सुचित्रा म्हणाली, कॅन्सल करा. तिचं म्हणणं, जीव जायचा तेव्हा जाईल, आपण कोण ठरवणारे. माझं म्हणणं, श्वास घेताना तिची मान वर जाते आहे, हे बघत बसणं म्हणजेही ठरवणंच आहे. पुलांच्या बाबतीत आमच्याकडे याचे तक्ते होते. गंज किती, तडे किती, वजन किती पेलतो. आकडा खाली गेला की फाटक लावायचं. सुचित्रानं मला विचारलं की तुमचा आकडा सध्या किती आहे, आणि तो विषय तिथे संपला.

अनयाचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, "आई, यू हॅव टु लुक ॲट क्वालिटी ऑफ लाइफ. तिच्या फेव्हरेट तीन गोष्टी काय आहेत? त्या ती करत नसेल तर इट्स टाइम. तिच्यासाठी डिसाइड कर ना, स्वतःसाठी नको."

"तिच्या आवडीच्या तीन गोष्टी," सुचित्रा म्हणाली, "माती उकरायची, टोमॅटो खायचा, आणि ह्यांना टोचायचं."

उकरणं तर केव्हाच थांबलं होतं. टोमॅटो समोर तसाच पडून होता. राहिलो मी. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खुराड्यापाशी जाऊन उभा राहिलो. थंडीनं पोटरीवर काटा आला. शेवंतीनं एक डोळा उघडून माझ्या पायाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. मी पाय आणखी जवळ नेला. काही नाही. मला फार वाईट वाटलं. ज्या चोचीला मी पाच वर्षं शिव्या दिल्या, तिनं एकदा तरी मारावं म्हणून मी थंडीत उभा होतो.

सुचित्रा खिडकीतून बघत होती. ती कॅन्सल करा म्हणाली नाही, पण नका करू असंही म्हणाली नाही. मी आपला कॅन्सल करायला दवाखान्यात फोन लावला, त्यांनी मला होल्डवर ठेवलं, संगीत ऐकत ऐकत माझा चहा गार झाला, आणि मग फोन आपोआप कट झाला. मी पुन्हा लावला नाही. विचारलं असतं तर होल्डवर होतो असं सांगितलं असतं, आणि ते खरंच होतं.

इथे माझ्यातला इंजिनियर मध्ये आला. नोव्हेंबर संपत आला होता. एकदा जमीन गोठली की मार्चपर्यंत फावडं आत जात नाही. तेव्हा खड्डा आधी खणून ठेवणं शहाणपणाचं होतं. खणण्याआधी गॅस आणि विजेच्या वायरी कुठे आहेत हे विचारावं लागतं, त्यासाठी एक नंबर आहे, आणि मी तो लावला. दुसऱ्याच दिवशी एक माणूस आला आणि आमच्या हिरवळीवर पिवळ्या, लाल आणि नारिंगी रंगाच्या रेघा मारून, छोटे झेंडे रोवून गेला. कोंबडीसाठी दोन वीत जागा हवी होती. अंगण विमानतळासारखं दिसायला लागलं. कॉम्प्लेक्सच्या असोसिएशनची ईमेल आली की स्विमिंग पूलसाठी परवानगी लागते. आणि सुचित्रा म्हणाली, "ती अजून जिवंत आहे हो. तिला खिडकीतून सगळं दिसतंय." शेवंतीला आम्ही तोवर स्वयंपाकघरात आणलं होतं.

झेंडे बघून मागचा शेजारी डेल कुंपणापाशी आला. डेल दक्षिण इलिनॉयमधल्या शेतावर वाढलेला, उंच, कमी बोलणारा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, दवाखाना कशाला, माझ्याकडे कुऱ्हाड आहे, एका घावात काम होतं, तिला काही कळणारही नाही. आता माणूस एवढ्या आपुलकीनं कुऱ्हाड देऊ करतो, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे नाही म्हणायची एक पद्धत आहे. मी म्हटलं, बघू, शनिवारी या ना चहाला, बोलू. कुणाही मराठी माणसाला यातून नकार स्वच्छ ऐकू आला असता. डेलला ऐकू आला तो वार.

शनिवारी दुपारी संजीव आणि त्याची बायको उल्का आली. उल्काच्या हातात मोठा डबा होता. सुचित्रानं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. आत पिठलं आणि भात.

"अगं, हे काय? हे तर माणूस गेलेल्या घरी नेतात."

"तुझं स्वयंपाकात लक्ष लागणार नाही म्हणून आणलं गं," उल्का म्हणाली. "दुसरं काय आणायचं? अशा वेळी श्रीखंड बरं दिसतं का?"

हा मुद्दा बिनतोड होता. संजीव तोवर जमिनीवर मांडी घालून शेवंतीच्या टोपलीपाशी बसला होता आणि स्टेथोस्कोप पिसांत घालत होता. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "हार्ट फर्स्ट क्लास आहे, यार."

"गाठ अंडाशयात आहे," मी म्हटलं.

"ते माझं डिपार्टमेंट नाही. चारू, एक विचारू? तू चिकन खातोस ना?"

"खातो. ओळखीचं नाही खात."

एवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. डेल उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून भांग पाडलेला, आणि हातात कॅनव्हासची पिशवी. पिशवीतून लाकडी दांडा बाहेर आलेला होता. सगळे त्या दांड्याकडे बघायला लागले. मी अशा प्रसंगी आपण जे करतो ते केलं. म्हटलं, या, बसा, आधी जेवून घ्या. सुचित्रानं त्याच्या हातातून पिशवी घेतली, ती फ्रिजवर ठेवली आणि त्याला ताट वाढलं. डेलनं पिठलं चाखलं, हे कशाचं आहे विचारलं, आणि दुसऱ्यांदा घेतलं.

उल्कानं सहज म्हणून थोडा पिठलं-भात एका ताटलीत काढून शेवंतीसमोर ठेवला. शेवंतीनं बघितलं नाही. उल्कानं ताटली आणखी पुढे सरकवली. आम्ही सगळे थांबलो. आणि कसं कोण जाणे, आम्ही चौघंही उठून हात जोडून उभे राहिलो.

डेल घास हातात घेऊन बघत राहिला. मी त्याला समजावून सांगितलं. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा गोळा ठेवतात. कावळा शिवला की समजायचं, गेलेल्याचं मन शांत झालं. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे एकेक करून पुढे होतात आणि मोठ्यानं कबूल करतात, तुझ्या बहिणीला अंतर देणार नाही, तुझी म्हैस विकणार नाही, असं. बरोबर इच्छा सापडली की कावळा येतो. मी सांगता सांगता मलाच हे ऐकायला विचित्र वाटायला लागलं, कारण इथे कोणी गेलेलं नव्हतं, आणि खाणाराच पक्षी आजारी होता.

डेल गंभीरपणे म्हणाला, मग तिला काय हवंय?

तेच तर. मी गेले कित्येक दिवस तोच प्रश्न स्वतःला विचारत होतो. संजीव घसा साफ करून पुढे झाला. "शेवंते, माझ्याकडून चिकन बंद." उल्कानं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे, शनिवारी बंद," तो म्हणाला. शेवंती हलली नाही.

उल्का म्हणाली, "तुझं खुराडं मोडू देणार नाही गं." मी म्हटलं, "तुझ्या कोपऱ्यात कुणाला स्विमिंग पूल बांधू देणार नाही." काही नाही. डेल ताट ठेवून उठला आणि आपल्या भाषेत म्हणाला की दोन वर्षांपूर्वी ही कुंपणाखालून येऊन त्याची सगळी लेट्यूस उकरून गेली होती, त्याचा राग त्यानं धरून ठेवला होता, तो आता सोडला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. शेवंतीनं डोळा उघडला, पण ताटलीकडे वळली नाही.

मग सुचित्रा खाली बसली. तिनं भाताचं एक शीत बोटावर घेतलं. शेवंतीची मान श्वासाबरोबर वर जात होती, खाली येत होती. इतक्या जवळून ते मला बघवेना.

"मी बागेत जात जाईन," सुचित्रा म्हणाली. "तू नसलीस तरी. घरात बसून राहणार नाही." पुढचं बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "आणि ह्यांच्याशी बोलत जाईन."

शेवंतीनं मान पुढे केली आणि ते शीत उचललं.

स्वयंपाकघरात एकच गलका झाला. संजीव म्हणाला, "खाल्लं! अरे, भूक लागली म्हणजे रिकव्हर होतेय. चारू, अपॉइंटमेंट कॅन्सल कर." उल्कानं डोळे पुसले. माझाही हात खिशातल्या फोनकडे गेला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ती जगावी असं फार वाटलं. होल्डवरचं संगीत मी तासभरसुद्धा ऐकलं असतं.

"नाही," सुचित्रा म्हणाली. "शिवली ती."

तिनं शेवंतीला आपल्या जुन्या लोकरीच्या शालीत घेतलं आणि उठली. "अहो, गाडी काढा."

पार्किंगमध्ये काय झालं ते मी सांगत नाही. तीच डॉक्टरीण आली, शेवंती सुचित्राच्या मांडीवरच राहिली, आणि त्या मुलीचा हात हलका होता. मी समोरच्या आरशात बघत होतो, मग बघायचं थांबवलं. सुचित्रा एकदाही रडली नाही. मी रडलो. त्या मुलीनं मला खिडकीतून टिश्यू दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

परतीच्या वाटेवर सुचित्रा पुढच्या सीटवर येऊन बसली. शाल मांडीवर, दोन्ही हात शालीवर. दिवेलागणीची वेळ, बर्फाची पहिली भुरभुर काचेवर येत होती. मी वायपर लावले. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. ती समोर बघत होती.

"माझ्या लॅबमधली आश्लेषा आठवते का तुम्हाला?" ती म्हणाली. "तिनं नोकरी सोडून काय केलं माहितीय?"

मला आश्लेषा आठवत नव्हती. तिनं काय केलं याच्याशी माझा काही संबंध नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "काय केलं?"

ती सांगायला लागली. आमच्या गल्लीचं वळण आलं, आणि मी गाडी सरळ पुढे नेली.